गॅसचा गिझर किंवा हॉब बसवायचाय? "किती घ्याल" विचारायच्या आधी हे करा

गॅसचं काम निघालं की बहुतेक जण तीन-चार फिटरना फोन लावतात, "गिझर बसवायचाय, किती होतील?" विचारतात, प्रत्येक जण एक आकडा सांगतो आणि मग सगळ्यात कमीवाल्याला नाहीतर मधल्याला होकार देऊन मोकळे होतात. चूक इथेच होते. त्या चौघांनी चार वेगळ्या कामांचे आकडे सांगितलेले असतात. एकाने नुसतं भिंतीला टांगून जोडणं धरलेलं असतं, दुसऱ्याने पाईप धरलेला असतो, तिसऱ्याने फ्लू (जळालेल्या गॅसचा धूर घराबाहेर काढायची नळी) पण धरलेला असतो, आणि चौथ्याने काहीच धरलेलं नसतं, आधी काम हातात येऊदे मग बघू असा त्याचा हिशोब असतो.

माझ्या घरी हेच झालं होतं. फोनवर सगळ्यात कमी सांगणाऱ्याला बोलावलं, त्याने आल्या आल्या जुना गिझर काढून ठेवला आणि मग एकेक निघायला लागलं, पाईप बारीक आहे, फ्लूचा पाईप खोक्यात आलेलाच नाही, भिंतीला भोक पाडायला वेगळा माणूस लागेल. शेवटी सांगितलेल्या आकड्याच्या दीडपट गेले. घरात गरम पाणी बंद, जुना गिझर जमिनीवर पडलेला, अशा वेळी नाही म्हणायची सोय राहत नाही. तेव्हा खाली जो क्रम दिलाय तो मोडू नका, प्रत्येक पायरी पुढच्या पायरीसाठी लागते.

1. आधी घरातली माहिती एका कागदावर घ्या

कोणालाही फोन करायच्या आधी अर्धा तास काढा. टॉर्च, मेजरिंग टेप आणि मोबाईलचा कॅमेरा एवढंच लागतं.

पहिलं, गॅस कुठला. पाइपने येणारा नैसर्गिक गॅस की सिलिंडरचा एलपीजी. हे लिहायलाच हवं कारण दोन्हीचे जेट (बर्नरला गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड) वेगळे असतात, एलपीजीच्या जेटचं भोक बारीक असतं. नैसर्गिक गॅसचे जेट असलेली वस्तू एलपीजीवर लावली तर ज्योत मोठी, पिवळी, काजळी धरणारी येते आणि ते सरळ सरळ धोक्याचं आहे. उलटं केलं तर ज्योत अगदीच मरगळलेली. घरात आधीपासून असलेली वस्तू दुसऱ्या गॅसवर न्यायची असेल तर जेट बदलणं हे कोटेशनमधलं एक वेगळं काम आहे, आणि ते बऱ्याच वेळा राहून जातं.

दुसरं, वस्तूच्या नेमप्लेटवरचा इनपुट किलोवॅटचा आकडा. मिनिटाला किती लिटर हा आकडा वेगळा, तो पाण्याचा. फिटरला पाइप ठरवायला किलोवॅट लागतात. अंदाज यावा म्हणून सांगतो, मिनिटाला 10 लिटर पाणी 25 अंशाने तापवणारा गिझर साधारण 20 किलोवॅट गॅस खातो, आणि 4 बर्नरचा हॉब (ओट्यात बसवायची शेगडी) सगळे बर्नर फुल केले की साधारण 7.

तिसरं मीटर, आणि हे कोणी बघतच नाही. मीटरच्या प्लेटवर जी 1.6, जी 2.5, जी 4 असं काहीतरी लिहिलेलं असतं. जी 1.6 मधून तासाला जास्तीत जास्त 2.5 घनमीटर गॅस जातो, जी 4 मधून 6. आता हिशोब करा, एक घनमीटर नैसर्गिक गॅस म्हणजे ढोबळमानाने 10 किलोवॅट-तास, म्हणजे 20 चा गिझर आणि 7 चा हॉब एकाच वेळी चालले तर तासाला 2.7 घनमीटर लागणार, आणि जी 1.6 चा मीटर तिथेच कमी पडला. सकाळी एक जण अंघोळीला आणि एक जण ओट्यापाशी, म्हणजे हे रोजच होणार. मीटर बदलणं हे गॅस कंपनीचं काम, फिटरचं नाही, त्याला अर्ज करावा लागतो आणि वेळ लागतो, म्हणून हे आत्ताच कळलेलं बरं. सिलिंडर असेल तर मीटरच्या जागी रेग्युलेटर बघा, त्यावर तासाला किती किलो ते छापलेलं असतं. 20 किलोवॅटचा गिझर तासाला दीड किलोच्या वर एलपीजी घेतो.

चौथं, अंतर. मीटर किंवा सिलिंडरपासून नवीन वस्तूपर्यंत पाइप ज्या वाटेने जाणार त्या वाटेने टेप धरून मोजा (हवेतून सरळ रेषेत मोजू नका) आणि वळणं किती येतात तेही मोजा. एक एल्बो (वळणावरचा जोड) म्हणजे साधारण अर्धा मीटर पाइपएवढा अडथळा धरतात, म्हणजे 9 मीटर आणि 6 वळणं असतील तर फिटरच्या दृष्टीने तो 12 मीटरचा पाइप झाला.

शेवटी फोटो काढा. मीटरची प्लेट, वस्तूची नेमप्लेट, जागा लांबून, जागा जवळून, आणि भिंत बाहेरच्या बाजूने.

✔ तपासा: कागदावर गॅसचा प्रकार, मीटर किंवा रेग्युलेटरची क्षमता, आत्ता चालू असलेल्या सगळ्या वस्तूंचे किलोवॅट, नवीन वस्तूचे किलोवॅट, अंतर आणि वळणं एवढं आलं का? एक जरी गाळलं तरी फिटर ते अंदाजाने भरणार, आणि तो अंदाज प्रत्येकाचा वेगळा असणार.

2. जागा तुम्ही ठरवा, पण हवेचा विचार करून

जागा फिटरवर सोडली तर तो त्याला सोपी पडेल ती सांगतो, म्हणजे जिथे पाइप कमी लागेल ती. घरच्यांना चांगली जागा तीच असेल असं नाही.

गिझरचं बघा. एक घनमीटर नैसर्गिक गॅस जळायला साधारण 10 घनमीटर हवा लागते. वर बघितलं तसा 20 किलोवॅटचा गिझर तासाला 2 घनमीटर गॅस घेतो, म्हणजे 20 घनमीटर हवा. दीड मीटर बाय दोन मीटर आणि अडीच मीटर उंच अशा बाथरूममध्ये सगळी मिळून साडेसात घनमीटर हवा असते, म्हणजे दार-खिडकी बंद असताना 20-22 मिनिटांत ती सगळी हवा गिझरच ओढून घेईल. ऑक्सिजन त्याच्या कितीतरी आधी कमी व्हायला लागतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोकं दुखतं, मळमळतं, गळल्यासारखं होतं आणि माणूस तिथेच पडतो. लोक याने खरोखर जातात. म्हणून आतली हवा ओढणारा गिझर बाथरूममध्ये नको म्हणजे नको, मग फिटर कितीही म्हणूदे की "आम्ही सगळीकडे असाच बसवतो."

बाहेरच्या भिंतीला लागून मोकळी जागा बघा जिथून फ्लू थेट बाहेर काढता येईल, आणि तो फ्लू तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या खिडकीखाली उघडणार नाही. त्या वस्तूच्या मॅन्युअलमध्ये फ्लू कुठे काढायचा, खिडकीपासून किती लांब, जास्तीत जास्त किती लांबीचा, सगळं आकृती काढून दिलेलं असतं. ते पान फोटो काढून कोटेशन मागताना पाठवा.

⚠ सावध: कोणी "फ्लूची काय गरज, खिडकी आहे की" म्हणाला तर त्याचं कोटेशन घेऊच नका. तो स्वस्त पडतो तो याच कारणाने.

3. कोणाला विचारायचं

तुमच्या भागात गॅसचं काम करायला ज्याला परवाना आहे तोच माणूस. चांगला प्लंबर आहे म्हणून तो गॅसचं काम करू शकतो असं नाही. गॅस कंपनीकडे अधिकृत लोकांची यादी मिळते का विचारा, परवान्याचा नंबर मागा आणि तो चालू आहे का ते ज्यांनी दिलाय त्यांच्याकडून बघून घ्या. हे विचारलं म्हणून जो चिडतो त्याला तिथेच सोडा, ज्याच्याकडे कार्ड असतं तो ते लगेच काढून दाखवतो.

आणि एक नक्की विचारा, काम करायला तुम्ही स्वतः येणार की माणूस पाठवणार? परवाना मालकाचा आणि पाना कोणा शिकाऊ मुलाच्या हातात, हे फार चालतं.

तीन कोटेशन पुरे. दोनमध्ये कोण बरोबर ते कळत नाही आणि सहामध्ये डोकं चक्रावतं.

4. तिघांना एकच मजकूर पाठवा

सगळ्या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी ही. तिघांशी तोंडी बोललात तर प्रत्येकाला थोडं वेगळं सांगितलं जातं, आपल्यालाही कळत नाही. लिहून पाठवा, शब्दही बदलू नका. साधारण असं:

"पाइपचा नैसर्गिक गॅस, मीटर जी 4. आत्ता चालू: 4 बर्नर हॉब, 7 किलोवॅट. नवीन: गिझर, मिनिटाला 10 लिटर, इनपुट 20 किलोवॅट, मॉडेलचा फोटो सोबत. जागा: किचनच्या मागची बाहेरची भिंत. मीटरपासून पाइपच्या वाटेने 9 मीटर, 6 वळणं. काम: जुना गिझर काढणं, पाइप टाकणं, गिझरजवळ वेगळा बंद करायचा कॉक, फ्लू बसवणं, भिंतीचं भोक आणि नंतरचं प्लास्टर, पाण्याची जोडणी, गळती चाचणी, चालू करून दाखवणं, बिल आणि चाचणीचा कागद. कृपया येऊन बघून लेखी कोटेशन द्यावं. मजुरी, सामान, टॅक्स वेगळे दाखवावेत."

बस एवढंच. बजेट किती आहे ते लिहू नका, आणि दुसऱ्याने किती सांगितलं तेही नाही.

5. घरी येऊन बघितल्याशिवाय आकडा नको

फोनवरचा आकडा धरू नका, फोटोवरूनचा सुद्धा फक्त अंदाज म्हणून घ्या. माणूस घरी आला की तो काय बोलतो यापेक्षा काय करतो ते बघा. माझ्याकडे पुढच्या वेळी जे तिघं आले त्यातला एक दारात उभा राहूनच म्हणाला, होऊन जाईल. दुसरा आला, त्याने गिझरची जागा बघितली, भिंतीवर बोटं वाजवून बघितली, गेला. तिसरा आधी मीटरपाशी गुडघे टेकून बसला, टॉर्च मारून प्लेट वाचली, मग पाइपच्या वाटेने चालत चालत वळणं मोजली, बाहेर जाऊन खिडकी कुठे आहे ते बघितलं, मग मला विचारलं की हॉब आणि गिझर एकदम चालवता का. कागद माझ्या हातात होता तरी त्याने स्वतः मोजलं, आणि माझं एक वळण मोजायचं राहिलेलं त्याला सापडलं. त्याचं कोटेशन सगळ्यात कमी नव्हतं पण शेवटी एक पैसाही वर गेला नाही.

प्रत्येकाला हेच प्रश्न विचारा आणि उत्तरं त्याच्यासमोरच लिहून घ्या:

पाइप कुठला आणि किती मिलिमीटरचा टाकणार, आणि तोच का? 15 वरून 20 ला गेलं की जवळपास दुप्पट गॅस जाऊ शकतो, म्हणजे या एका आकड्याने सामानाचा खर्चही बदलतो आणि गिझर नीट चालणार की नाही तेही ठरतं. बारीक पाइप टाकणारा स्वस्त दिसणारच.

भिंतीतून पाइप जाताना स्लीव्ह (पाइपभोवती घालायची मोठी नळी) घालणार का? भिंतीच्या आत जॉइंट येणार का? जॉइंट लपलेला असेल तर गळती कळणार कशी, तेव्हा याचं उत्तर "नाही" हवं.

गळती कशाने तपासणार? मॅनोमीटर (गॅसचा दाब मोजायचं यंत्र) म्हणाला तर चांगलं. "वास येतो का बघू" म्हणाला तर पुढचा माणूस बघा.

काम किती दिवसांचं आणि गॅस किती तास बंद राहील?

⚠ सावध: बघायला आलेल्या माणसाला "चला, आलाच आहात तर करूनच टाका" म्हणू नका. दुसरी दोन कोटेशन यायची असतात, आणि एकदा जुनी वस्तू भिंतीवरून उतरली की भाव त्याच्या हातात.

6. कोटेशन वाचायचं कसं

तीन कागद आले की सगळ्यात खालचा आकडा आधी झाका. खरंच, हात ठेवा त्याच्यावर. तुमच्या मजकुरातली कामं एकाखाली एक लिहा आणि प्रत्येक कोटेशनमध्ये ते काम आहे, नाही की धूसर आहे ते खूण करत जा. साधारण अर्ध्या तासात चित्र स्पष्ट होतं.

नेहमी गाळलेल्या गोष्टी म्हणजे फ्लूचा पाइप आणि त्याचे बेंड, भिंतीचं भोक आणि त्यानंतरची डागडुजी, वस्तूजवळचा कॉक, जुन्या वस्तूची विल्हेवाट, चाचणीचा कागद, आणि टॅक्स. यातलं जे ज्याच्या कागदात नाही ते त्याला फोन करून विचारा, "हे धरलंय का, नसेल तर किती," आणि उत्तर मेसेजवर लिहून मागा. ते आकडे मिळवून मग बेरीज करा, आणि मगच हात काढा. सगळ्यात स्वस्त असलेला बऱ्याचदा इथे तिसऱ्या नंबरवर जातो.

काही शब्दांवर थांबा. "प्रत्यक्षानुसार जास्त" असं लिहिलं असेल तर कशाचं आणि कुठल्या दराने ते विचारा. पाइप मीटरच्या दराने लावलाय की सगळ्याचा मिळून एकच आकडा? दोन्ही चालतं, पण मीटरचा दर असेल तर त्यात एल्बो, क्लॅम्प, मजुरी आली का ते बघा, कारण मीटरचा दर कमी ठेवून एकेक फिटिंग वेगळं लावायची पद्धत आहे. "आवश्यक सामान" हा शब्द तर पूर्णच खोडायला लावा, सामानाचं नाव, माप आणि नग लिहायला सांगा.

आणि एखादं कोटेशन बाकीच्यांपेक्षा फारच खाली असेल तर आनंद नको, काय राहिलंय ते शोधा. फारच वर असेल तर लगेच फेकू नका, कदाचित त्यानेच मीटर किंवा पाइप बदलायची गरज ओळखलेली असेल आणि बाकी दोघांनी नसेल. त्याला विचारा, तुम्ही हे जास्त का धरलंत? कारण पटलं तर तोच प्रश्न घेऊन बाकी दोघांकडे जा.

✔ तपासा: तिन्ही कोटेशनमध्ये पाइपचं माप सारखं आहे का? नसेल तर तुलना अजून पूर्ण झालेली नाही.

7. घासाघीस कुठे करायची, कुठे नाही

भाव जरूर करा, पण बरोबर जागी. जुना गिझर तुम्ही स्वतः काढून ठेवला, प्लास्टर आणि रंग तुमच्या माणसाकडून करून घेतला, दोन कामं एकाच फेरीत दिली, तारीख त्याच्या सोयीची दिली, तर त्याचा खरंच खर्च वाचतो आणि तो कमी करायला तयार होतो. पण "पाइप थोडा बारीक चालेल", "कॉक राहूदे", "फ्लू जरा आखूड करू", "चाचणीचा कागद नको" असं करून जर आकडा खाली येत असेल तर थांबा. फिटर स्वतःहून असं सुचवतो कारण आपणच आणखी कमी करा म्हणून मागे लागलेलो असतो.

एकाचं कोटेशन दुसऱ्याला दाखवू नका. दुसरा तोच कागद थोड्या कमी आकड्याने परत देतो आणि मग तुमच्याकडे तीन नाही, एकच मत राहतं.

8. होकार लेखी द्या

"तुमचं अमुक तारखेचं कोटेशन, एवढ्या रकमेचं, मान्य आहे, यापेक्षा जास्तीचं काम निघालं तर आधी लेखी सांगून मग करावं." एवढा एक मेसेज. ॲडव्हान्स द्यायचा तर सामानाच्या खर्चाइतकाच आणि पावती घेऊन. वॉरंटी मजुरीवर किती महिने तेही याच मेसेजमध्ये येऊदे. वस्तूची वॉरंटी कंपनीची असते, जोडणीची फिटरची, आणि भांडण बरोबर या दोघांच्या मध्ये अडकतं.

9. कामाच्या दिवशी, पैसे द्यायच्या आधी

पाइप झाकायच्या आधी बघा, माप कोटेशनमधलंच आहे का. पाइपवर छापलेलं असतं.

मग चाचणी तुमच्यासमोर. मॅनोमीटरची नळी म्हणजे पाणी भरलेली यू आकाराची नळी किंवा तसंच डिजिटल यंत्र. घरातला नैसर्गिक गॅस साधारण 20 मिलीबारवर असतो, म्हणजे नळीच्या दोन बाजूंच्या पाण्यात साधारण 20 सेंटीमीटरचा फरक दिसतो. गॅस बंद करून काही मिनिटं थांबायचं, पाणी जागचं हलता कामा नये. त्यानंतर प्रत्येक जॉइंटला साबणाचं पाणी, बुडबुडे आले की गळती. काडी पेटवून बघणारा असेल तर त्याला तिथेच थांबवा.

मग गिझर आणि हॉबचे सगळे बर्नर एकदम चालू करायला लावा. एकेकटं चाललं म्हणून झालं नाही, पाइप बारीक पडला असेल तर तो एकत्र चालवल्यावरच कळतो, ज्योत खाली बसते किंवा गिझर बंद पडतो. ज्योत निळी आणि स्थिर हवी, पिवळी टोकं दिसली तर पैसे थांबवा.

अलार्म लावणार असाल तर उंची बघा. एलपीजी हवेपेक्षा जड, खाली साठतो, त्याचा डिटेक्टर जमिनीजवळ. नैसर्गिक गॅस हलका, वर जातो, त्याचा छताजवळ. उलटा लावलेला डिटेक्टर असून नसल्यासारखा. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वेगळा असतो, गॅसचा डिटेक्टर त्याचं काम करत नाही.

बिल, चाचणीचा कागद आणि वॉरंटी हातात आली की उरलेले पैसे. आठवड्याने सगळ्या जॉइंटना परत एकदा साबणाचं पाणी लावून बघा. बुडबुडा आलाच तर मेन कॉक बंद करा, खिडक्या उघडा, कुठल्याही बटणाला हात लावू नका, बाहेर येऊन गॅस कंपनीच्या इमर्जन्सी नंबरवर फोन करा आणि मग फिटरला, त्याच्याच मेसेजमधली वॉरंटीची ओळ दाखवून, दुरुस्तीला बोलवा.